सावत्र आईच्या मापाचा झगा

या दुकानात सगळ्यात जास्त फाटतो तो राजकन्येचा झगा. बगलेत उसवतो, कमरेत तटतो, त्याची किनार कुणाच्या ना कुणाच्या बुटाखाली येते, आणि मुकुट तर दर खेपेला एखादं टोक गमावूनच परत येतो. सावत्र आईचा झगा मात्र शिवला त्या दिवशी होता तसाच आहे. गडद जांभळा, उभ्या कॉलरचा, आतून पूर्ण अस्तर लावलेला. शाळांमधल्या नाटकांचे दिवस आले की काउंटरपाशी आयांची झुंबड उडते, आणि प्रत्येकीची खात्री असते की आपल्या पोटी राजकन्याच जन्माला आली आहे. पुरावा म्हणून ती पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवते. सावत्र आईचं काम वर्गातल्या सगळ्यात उंच नाहीतर सगळ्यात गप्प मुलीच्या गळ्यात पडतं. तिची आई गर्दी ओसरल्यावर येते आणि हळूच विचारते, "यातलंच जरा बरं दिसणारं काही नाही का हो? निदान बाह्यांना लेस?"

"काळजी करू नका," शिवणबाई म्हणतात. "गोष्टीत चांगलं कापड वाईट बाईलाच मिळतं. राजकन्येचं सगळं पुढून असतं."

यात अतिशयोक्ती काही नाही. राजकन्येचा झगा उलटा करून पाहिला तर पुढची बाजू चकचकीत रेशमी आणि पाठीमागे साधा मांजरपाट. नाटक बघणारा समोर बसतो. पाठीसाठी महाग कापड कोण वाया घालवणार? शिवाय शिवणींमध्ये दोन-दोन बोटं जादा कापड दाबून ठेवलेलं असतं, म्हणजे पोरगी अंगाने भरलेली निघाली तर उसवून सैल करता येतं. एकच झगा पिढ्यान्‌पिढ्या कुणालाही बसतो, आणि जिला बसतो तिला वाटतं, हा माझ्यासाठीच शिवलाय.

परीकथेबद्दल शिवणबाईंचं मत अगदी हेच आहे. त्या ते सांगतात तेव्हा ओठांत धरलेल्या टाचण्या काढून उशीला टोचतात. एरवीचं सगळं बोलणं टाचण्यांच्या फटीतून चालतं. गिऱ्हाइकाशी घासाघीस, जावयाला टोमणे, शेजारच्या दातांच्या डॉक्टरशी पाण्यावरून भांडण, सगळं. तोंड मोकळं करण्याइतका तुच्छतेचा मान त्यांनी फक्त परीकथेला दिला आहे.

"त्यात कुणी स्वयंपाक करतं का? भांडी घासतं का? घासलीच तर नायिका घासते, ती पण रडत. आणि देखणं माणूस चांगलं, कुबड आलं की वाईट. माझ्या पाठीला बघा या मशीनने कुबड आणलंय. मग मी कोण झाले?"

नाटकांचे पोशाख भाड्याने देणाऱ्या या दुकानाला जुने लोक कपडेपट म्हणतात. एका बाजूला किल्ल्या करणाऱ्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना. खाली दुकान, वर घर, मध्ये लाकडी जिना, आणि दोन्ही मजल्यांवर डांबरगोळ्यांचा एकच वास. खिडकीशी पायमशीन. शिवणबाई इथे कामाला लागल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. मालक पडदे रंगवायचा, त्याची बायको गिऱ्हाईक बघायची, शिवणबाई शिवायच्या. मग बायको आजारी पडली, गेली. मागे राहिली एक मुलगी. बाप तिला ठकी म्हणायचा, कारण ती कापडाच्या बाहुलीसारखी कुठेही टेकवून ठेवली की तशीच बसायची.

मालकाने दुसरं लग्न केलं ते शिवणबाईंशीच. "मला मागणी कशी घातली माहितीये? मशीनला तेल आणायला सांगावं तशी. 'पोरीकडे बघायला कुणीतरी हवं,' म्हणाले. मी म्हटलं, बघते."

परीकथेतला बाप हा एक स्वतंत्र नमुना आहे. तो राजा असो की लाकूडतोड्या, पोरीवर त्याचा फार जीव असतो आणि तिच्यासाठी तो काडीही हलवत नाही. सगळी गोष्ट घडून जाईपर्यंत त्याला काही दिसत नाही, शेवटी मात्र डोळे पुसायला वेळेवर हजर. गोष्टी सांगणाऱ्यांनी हजारो वर्षं सावत्र आईला निखाऱ्यांवर चालवलं. या बापाच्या तळपायाला कधी चटका बसला नाही. आपला मालक याच जातीचा. तोंडात मिठाची गुळणी धरून तो पडद्यांवर ढग रंगवत राहिला.

गोष्टींचं पुस्तक घरात आणलं मावशीने. ठकीच्या आईची थोरली बहीण. स्वतःला मूल नाही, घर ऐसपैस, बोलणं गोड. ती सुट्टीत येई, ठकीला मांडीवर घेई आणि सोनेरी कडांच्या त्या जाड पुस्तकातून वाचून दाखवी. सावत्र आई आली की तिचा आवाज खाली जाई आणि नजर जिन्याकडे वळे. जिन्यावर शिवणबाई धुतलेले झगे वाळत घालत असायच्या. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं जगात पुष्कळ असतात. ही जाता जाता शेळीच्या कानात लांडग्याचं वर्णनही करून जायची.

परिणाम व्हायचा तोच झाला. ठकीने शिवणबाईंच्या हातचं खाणं बंद केलं.

आरडाओरडा नाही, रडणं नाही. ताट समोर आलं की हात मागे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी काही दिलं तर खायची, बापाने बाहेरून पाव आणला तर खायची. शिवणबाईंनी कपात दूध दिलं, स्वतः आधी एक घोट पिऊन दाखवला. पोरगी शांतपणे म्हणाली, "साखर तळाशी बसते. विष पण तळाशीच असणार."

"मग ढवळू का?"

"ढवळल्यावर सगळीकडे होईल."

शिवणबाईंनी नवीन फ्रॉक शिवला, तर ठकीने तो काठीने उचलून खुर्चीवर ठेवला. केसांना रिबीन आणली, ती खिडकीच्या गजाला बांधून टाकली. परीकथेची ही सगळ्यात नीच खोड. सावत्र आई मारते तेव्हा ती वाईट असतेच, आणि देते तेव्हा जास्तच वाईट असते. सुटायला कुठे फटच ठेवलेली नाही.

आणि मग ठकीला पुरावा सापडला. फडताळात सगळे झगे टांगलेले. प्रत्येकाच्या गळ्याला आतून मापाची चिठ्ठी शिवलेली, कुणाला बसेल ते कळावं म्हणून. जांभळ्या झग्याला चिठ्ठीच नव्हती. तो शिवणबाईंनी लग्नाच्या कितीतरी आधी, मोठ्यांच्या नाटकासाठी शिवला होता. नटी माप द्यायला आलीच नाही, कपडे बेतायचा पुतळा मोडलेला, म्हणून त्यांनी स्वतःच्या अंगावर टेप लावून कापड बेतलं. कुठलीही शिंपीण अडल्यावेळी हेच करते. ठकीने तो झगा ओढून काढला, शिवणबाई मशीनवर वाकल्या होत्या तेव्हा मागून त्यांच्या खांद्यांना लावून बघितला, आणि गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलं, "शिवणबाई, हा तुमच्याच मापाचा आहे. तुम्ही आधीपासूनच सावत्र आई होतात."

गिऱ्हाईक हसलं. मालक ढग रंगवत होता.

सुट्टी निम्म्यावर आली तशी मावशी पुन्हा आली आणि ठकीची मनगटं बघून तिचा चेहरा उतरला. पोरगी खरंच वाळली होती. मावशी बोलली ती मेव्हण्याशी, पण आवाज जिन्यापर्यंत पोचेल असा. "भावोजी, मी दोष कुणालाच देत नाही. पण शाळा उघडायच्या आत पोरगी अंगाने भरली नाही, तर मी तिला घेऊन जाईन. कायमची. तिकडे शाळा बघून ठेवलीये."

"बघू," भावोजी म्हणाले.

"मला काय तेव्हा पोरीचा फार उमाळा होता, असलं काही छापू नका," शिवणबाई बजावतात. "पण पोरगी गेली असती तर अख्ख्या गल्लीने काय म्हटलं असतं? सावत्र आईने पोरीला घालवली. जन्मभर तेच. आणि ती पोरगी तिकडे मोठी झाली असती तीसुद्धा हेच सांगत. माझ्या बाजूने बोलायला कोण, तर ढगवाला." एक टाचणी उशीवर उगाच इकडची तिकडे करत त्या पुढे म्हणतात, "आणि मनगटं मीही बघितली होती ना. मावशीच्या आधी."

मावशी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात कुणी नसताना, शिवणबाईंचं डोकं फिरलं. शहाणपण सुचलं असं त्या म्हणत नाहीत. डोकंच फिरलं म्हणतात. त्यांनी फडताळातून जांभळा झगा काढला, अंगात चढवला, उभी कॉलर मानेमागे ताठ केली. झगा अर्थातच बेतल्यासारखा बसला. मग टिकल्यांचा डबा आणि मण्यांचा डबा उघडून दोन्ही एका परातीत ओतले, हाताने कालवले आणि परात घेऊन जिना चढल्या.

ठकी खिडकीत बसली होती. तिने वर पाहिलं. शिवणबाई सांगतात, पोरगी घाबरली नाही. बऱ्याच दिवसांपासून वाट बघत असलेली गाडी एकदाची फलाटाला लागावी, तसा तिचा चेहरा झाला.

"कारटे," शिवणबाई गरजल्या, "संध्याकाळच्या आत टिकल्या वेगळ्या, मणी वेगळे झाले पाहिजेत. एक टिकली मण्यांत सापडली तर याद राख! आणि हा शिळा पाव. खायचा तर खा, नाहीतर उपाशी मर."

पाव त्याच दिवशी सकाळचा होता, आत लोणीही लावलेलं होतं. ठकीने तो परातीशेजारी ठेवला, पहिली मूठ निवडली आणि मग दोन्ही हातांनी धरून संपवला. तळाशी विष असेल का, हे विचारलं नाही. गोष्टीत नायिकेला शिळा पाव मिळतो तेव्हा तो नुसता शिळाच असतो, त्यात विष नसतं. नियम म्हणजे नियम.

दिवे लागायच्या आत काम झालं. शिवणबाईंनी मण्यांमध्ये बोटं घालून, नाक मुरडून तपासलं. एकही टिकली नाही. "हं," त्या तुसडेपणाने म्हणाल्या. "जमलं म्हणायचं."

त्यांना वाटलं, संपलं. पोरगी जेवली, तिची हौस फिटली. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या कपड्यांत त्यांनी ताट पुढे केलं तर हात पुन्हा मागे. आणि वर कानउघाडणी: "शिवणबाई, झगा घाला ना. असं एकच काम देऊन कसं चालेल? तीन असतात."

"कुणी सांगितलं?"

"तीनच असतात. दुसरं पहिल्यापेक्षा अवघड. तिसरं कुणालाच जमणार नाही असं."

आपल्याच घरात, आपणच शिवलेल्या झग्यात, सात-आठ वर्षांच्या पोरीकडून छळ कसा करायचा याचे धडे घ्यायची वेळ शिवणबाईंवर आली. पण पोरगी खात होती. मग दुसरं काम निघालं. शिपायांच्या डगल्यांची तुटलेली बटणं लावायची, सगळ्या पलटणीची. हे एका दिवसाचं काम नव्हतं. रोज दुपारी झगा, रोज गर्जना, रोज "शिळा" पाव. पुढे पुढे त्याच्यासोबत "उष्टं" अंडं आणि "नासकं" दूध. सुईत दोरा कसा ओवायचा, गाठ कशी मारायची, बटण घट्ट बसावं म्हणून दोऱ्याला खालून वेढे कसे द्यायचे, हे सगळं शिवणबाईंनी शिव्या देत शिकवलं. ठकीच्या बोटांना सुया टोचल्या. रक्ताचा ठिपका आला की ती तो उजेडात धरून समाधानाने बघायची. दातांचा डॉक्टर भिंतीपलीकडून ऐकायचा. त्याने बायकोला विचारलंही, की पोलिसांना कळवावं का.

वाचणाऱ्यांना इथे वाटेल, चला, परीकथेने घर सावरलं. परीकथेने काही सावरलं नाही. पोरीच्या तोंडचा घास तिनेच काढला होता. परत दिला तर उपकार कसले? शिवणबाईंना तर त्या रोजच्या सोंगाची शिसारी होती. उन्हाळ्यात अस्तराचा झगा घालून, मानेला घामोळं येईस्तोवर, लोण्याच्या पावाला शिळा म्हणत फिरायचं, कारण "बाळ, जेव," या साध्या शब्दांवरचा पोरीचा विश्वास एका सोनेरी कडांच्या पुस्तकाने उडवून टाकलेला. पण हेही खरं की त्या पोरीला आई नव्हती, बाप असून नसल्यासारखा होता, आणि आपल्यावर हे का ओढवलं याचं उत्तर तिला त्या पुस्तकाखेरीज कुणीही दिलं नव्हतं. पुस्तकाचं उत्तर खोटं होतं. बाकीच्यांकडे तेवढंही नव्हतं.

शाळा उघडायच्या आधी मावशी आली, रिकामी बॅग घेऊनच. ठकीचे गाल भरले होते. ते बघून ती क्षणभर गोंधळली. मग तिची नजर बोटांवर गेली.

"हे काय गं, बाळा? ती तुला काम लावते?"

"रोज," ठकी म्हणाली. तिच्या आवाजात ओसंडून जाणारा अभिमान होता. "आधी टिकल्या निवडायला लावल्या. आता सगळ्या शिपायांची बटणं. आणि शिळा पाव देते, आणि नासकं दूध! आणि कारटी म्हणते."

मावशीने श्वास आत घेतला. जिन्याच्या पायरीवर शिवणबाई उभ्या होत्या, साध्या कपड्यांत, गळ्यात टेप. स्वतःच्या हाताने त्यांनी हा पुरावा रोज दुपारी तयार करून ठेवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खरं सांगावं, तर पोरीसमोर सोंग उघडं पडणार आणि उद्यापासून ताट परत. गप्प बसावं, तर पोरगी आत्ताच जाणार.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" मावशीने विचारलं.

"नाही," शिवणबाई म्हणाल्या.

"भावोजी?"

भावोजींनी ब्रश पुसला. "आता मी काय..." ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच टांगून ठेवलं.

मावशी स्वतः वर गेली, कपडे बॅगेत भरले, खाली आली आणि ठकीसमोर हात केला. "चल बाळा. सुटलीस तू."

उच्चार चुकणाऱ्या बाईंकडे वर्गातली हुशार मुलगी बघते, तशा नजरेने ठकीने मावशीकडे बघितलं.

"आत्ता कसं येणार?"

"का नाही?"

"तिसरं काम राहिलंय. मावशी, तूच तर वाचून दाखवलंस! तिसऱ्याच्या आधी कुणी जातं का?"

मावशीने समजूत घातली. ते गोष्टीतलं असतं, खरं नसतं, असंही म्हणाली. हे वाक्य तिने सुट्टीच्या सुरुवातीला म्हटलं असतं तर पोरीची मनगटं शाबूत राहिली असती. ठकीने ऐकून घेतलं आणि शिवणबाईंकडे वळून विचारलं, "तिसरं काय आहे?"

शिवणबाई सांगतात की त्या क्षणी त्यांच्या ओठांवर एक काम आलंही होतं, कसलंतरी दोऱ्यांचं. टाचण्या तोंडात होत्या म्हणून शब्द अडले, आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, की तिसरं झालं म्हणजे पोरगी जाणार.

"वेळ आली की सांगेन," त्या टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या. "आधी बटणं संपव, कारटे."

भरलेले कपडे बाहेर निघाले आणि मावशीची बॅग रिकामीच परत गेली. जाताना तिने पुस्तक परत मागितलं. ठकीने दिलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मालक गेला, त्याचे ढग अजून भाड्याने जातात. बटणं संपली, मग काजं आली, मग कापड बेतणं, मग गिऱ्हाईक. जांभळा झगा मधे कधीतरी पुन्हा फडताळात गेला आणि ताटापुढचे हात मागे जायचेही थांबले. नक्की कधी, हे दोघींपैकी कुणालाच सांगता येत नाही. ठकीने लग्न केलं ते शेजारच्या किल्लीवाल्याच्या मुलाशी. तो जगाच्या किल्ल्या करतो आणि स्वतःची हरवतो. राजपुत्र म्हणून त्याची लायकी तेवढीच, असं सासूबाई त्याच्या तोंडावर सांगतात. ठकी एक दार पलीकडे राहायला गेली आणि रोज सकाळी अलीकडे येते. शिवणबाईंना ती आजही शिवणबाईच म्हणते. आई वगैरे म्हणण्याचा प्रश्न कधी निघाला नाही, कुणाचं काही अडलंही नाही.

तिसऱ्या कामाचं काय झालं, असं ठकीला एकटीला गाठून विचारलं. ती मुकुटाचं मोडलेलं टोक चिकटवत होती.

"नव्हतंच काही. मला दहा-अकराव्या वर्षीच कळलं," ती म्हणाली. "पण मी विचारत नाही. विचारलं तर ती काहीतरी काढेल शोधून. मग ते करावं लागेल, मग संपलंच की."

शिवणबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी टाचण्या काढल्या. "चाळिशी आली बाईची, आणि अजून त्या पुस्तकात राहते! लोकांना सांगायची सोय नाही. केर आहे तो सगळा, केर." एवढं बोलून त्यांनी टाचण्या परत ओठांत धरल्या. तिसरं काम तुम्ही तरी कधी ठरवलं होतं का, या प्रश्नाला त्यांनी मशीन जोरात चालवून उत्तर दिलं.

दुकानाचं शटर रोज ठकी उघडते. ते वर सरकवायच्या आधी ती जिन्याखालून हाक मारते, "शिवणबाई, आज काही काम?"

"बघू," वरून उत्तर येतं. "तू आधी दुकान उघड."